रॉटन बरो म्हणजे नक्की काय होतं: ओसाड टेकडी, दोन खासदार आणि मद्रासचा पैसा

प्रश्न असा आलाय की १८३२च्या आधी इंग्लंडात एका ओसाड टेकडीवरून दोन खासदार निवडून जायचे आणि मँचेस्टरसारख्या शहराला स्वतःचा एकही नव्हता, तर हे इतकी वर्षं चाललं कसं, लोक गप्प कसे बसले, आणि १८३२च्या निवडणूक सुधारणेच्या कायद्याने, म्हणजे रिफॉर्म अ‍ॅक्टने हे खरंच संपलं का. कॉलेजात इंग्लंडचा इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि स्पर्धा परीक्षावाली मुलं हा प्रश्न दरवर्षी घेऊन यायची, तर जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, गाइडमध्ये "भ्रष्ट मतदारसंघ" असं एकच लेबल लावून जे शिकवतात त्यात दोन वेगळे आजार एकत्र कोंबलेत. एक प्रकार असा की मतदारसंघच कुणाच्या तरी मालकीचा, तिथे लाच द्यायची गरजच नाही कारण विकत घ्यायला मतदारच नाहीत, जे आहेत ते मालकाचे नोकर नाहीतर कुळं. दुसरा प्रकार बरोबर उलटा, तिथे मतदार दोनतीनशे, मोकळे, कुणाच्या बापाला न भिणारे, आणि म्हणूनच रोख पैसे मोजून मत विकणारे. पहिल्याला पॉकेट बरो म्हणतात, म्हणजे मालकाच्या खिशातला (बरो म्हणजे पार्लमेंटला स्वतःचे खासदार पाठवायचा हक्क असलेलं गाव). दुसऱ्याला इतिहासवाले व्हीनल बरो म्हणतात, विकाऊ. रॉटन, म्हणजे कुजका, हा शब्द दोघांनाही सरसकट लावला गेला. आता गंमत अशी की १८३२च्या कायद्याने पहिल्या आजारावर मोठा इलाज केला आणि दुसऱ्याला जवळजवळ हात लावला नाही. हे डोक्यात ठेवलं की बाकी सगळं नीट लागतं.

ओल्ड सॅरम घ्या, सगळ्यांचं आवडतं उदाहरण. विल्टशरमध्ये सॉल्सबरीच्या बाहेर एक टेकडी आहे, तिथे पूर्वी किल्ला होता, कॅथीड्रल होतं, मग तेराव्या शतकात चर्चने बस्तान खाली नदीकाठी हलवलं, लोक पण गेले, वर राहिले चौथरे आणि मेंढ्या. पण पार्लमेंटला दोन माणसं पाठवायचा हक्क टेकडीकडेच राहिला. कारण इथे मताचा हक्क माणसाला नव्हता, जमिनीच्या ठराविक तुकड्याला होता, त्याला बर्गेज म्हणायचे. सरळ सांगायचं तर मत सातबाऱ्याला चिकटलेलं होतं, घर पडलं, माणूस मेला, गाव उठलं, काही फरक नाही, गट नंबर आहे ना मग मत आहे. आणि सगळे तुकडे एकाच माणसाने विकत घेतले तर? तर तो मतदानाच्या आधी आपल्या भरवशाच्या माणसांच्या नावाने कागद करून द्यायचा, ते मत द्यायचे आणि कागद परत करायचे. बरं हे सगळं कायदेशीर. ओल्ड सॅरमला मतदानासाठी इमारतच नव्हती, एका एल्म झाडाखाली तंबू ठोकून निवडणूक व्हायची, आणि तीपण नावाला, कारण विरोधात उभा राहणार कोण.

हे ओल्ड सॅरम १६९१च्या सुमारास घेतलं थॉमस पिटने. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडून बंगालच्या बाजूला चोरटा व्यापार करणारा, त्यातून गब्बर झालेला, आणि पुढे त्याच कंपनीने ह्याला मद्रासचा गव्हर्नर करून पाठवला (चोराच्या हाती किल्ल्या, दुसरं काय). मद्रासला असताना जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून त्याने ४८,००० पॅगोडांना (तिकडचं सोन्याचं नाणं) एक कच्चा हिरा घेतला, ४१० कॅरटचा, आणि १७१७मध्ये पैलू पाडलेला तो हिरा फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला. तोच रीजंट डायमंड, आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. हिऱ्याच्या पैशातून त्याच वर्षी त्याने कॉर्नवॉलमध्ये मोठी इस्टेट घेतली. बऱ्याच ठिकाणी लिहितात की हिऱ्याच्या पैशाने ओल्ड सॅरम घेतलं, तसं नाहीये, टेकडी आधीची, हिरा नंतरचा. पण दोन्हीमागचा पैसा इकडचाच. ह्या थॉमसचा नातू म्हणजे थोरला विल्यम पिट, पुढचा लॉर्ड चॅटम, १७३५मध्ये पहिल्यांदा खासदार झाला तो ह्याच घरच्या टेकडीवरून. १८०२च्या सुमारास पिट घराण्याने ओल्ड सॅरम लॉर्ड कॅलेडनला विकलं, आणि ह्या कॅलेडनच्या बापाने पैसा कुठे केला होता तर कंपनीच्या नोकरीत, बंगालमध्ये. म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्यात बदनाम मतदारसंघाचे दोन मालक आणि दोघांच्या तिजोरीची किल्ली हिंदुस्थानात.

बाकीची नावं पटकन सांगतो. सरेमधलं गॅटन, सहासात घरं, दोन खासदार, मालकाच्या बागेत खांबांवर उभी केलेली छोटीशी छत्री हाच तिथला टाऊन हॉल, आणि १८३०मध्ये, म्हणजे सुधारणेचं वादळ दाराशी आलेलं असताना, लॉर्ड मॉन्सनने ही इस्टेट १,८०,००० पौंडांना घेतली अशी नोंद आहे. दोन वर्षांत खासदारकी गेली. असा सौदा करणाऱ्याचं मला नेहमी नवल वाटत आलंय. सफकमधलं डनिच, एके काळचं भरभराटीचं बंदर, तेराव्या चौदाव्या शतकातल्या वादळांनी खचायला लागलं आणि हळूहळू समुद्रात गेलं, पण खासदार दोनच्या दोन शाबूत. कॉर्नवॉल हा एक जिल्हा, मासेमारी आणि कथलाच्या खाणी, तिथून ४४ खासदार.

स्कॉटलंडची तर तऱ्हाच निराळी. एडिंबराचा खासदार निवडायचा अधिकार नगरपालिकेच्या ३३ जणांना. आणि ब्यूट काउंटीचा (काउंटी म्हणजे जिल्हा) एक किस्सा १८३१च्या चर्चेत कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, सांगितला गेला, की निवडणुकीला शेरीफ आणि निवडणूक अधिकारी सोडून एकच मतदार हजर, तोच अध्यक्षस्थानी बसला, त्याने यादी वाचली, स्वतःच्या नावाला स्वतः हजेरी दिली, स्वतःचं नाव सुचवलं, स्वतः अनुमोदन दिलं, ठराव मताला टाकला आणि एकमताने निवडून आला. मी वर्गात हे सांगितलं की मागचे बाकपण जागे व्हायचे.

आता, मत कुणाला ह्याचा एक नियम देशभर नव्हताच. काउंटीत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल तर मत, हा नियम १४३०चा, तो तसाच. बरोमध्ये गावागणिक वेगळं, कुठे फक्त नगरपालिकेचे सभासद, कुठे फ्रीमन म्हणजे गावचा सनदी रहिवासी, कुठे गावकर भरणारे, आणि काही गावांत चक्क ज्याच्या घरात स्वतःची चूल पेटते तो मतदार. म्हणजे काही गावांत अगदी गरीब माणसालाही मत होतं आणि शेजारच्या गावात सावकारालाही नव्हतं. मतदार यादी नावाची वस्तूच नव्हती, ती आली १८३२च्या कायद्याने. मी केंद्राध्यक्ष म्हणून इलेक्शन ड्युटी केलीय, यादीत नाव सापडत नाही म्हणून टेबलासमोर जो गोंधळ होतो तो मला माहितीये, तर यादीच नसेल, प्रत्येक मतदारावर दोन्ही बाजूंचे वकील भांडतायत आणि मतदान दिवसेंदिवस चाललंय, ते काय दृश्य असेल विचार करा. दिवसांना १५ची मर्यादा घातली तीसुद्धा १७८५मध्ये. आणि मत उघड द्यायचं, मोठ्याने नाव घेऊन, ते वहीत लिहिलं जायचं, आणि ती वही नंतर छापून विकायला. घरमालकाला, जमीनदाराला, उधारीवाल्या दुकानदाराला सगळं कळणार. १८२९मध्ये न्यूअर्कला ड्यूक ऑफ न्यूकॅसलने आपल्या माणसाला मत न देणाऱ्या भाडेकरूंना घराबाहेर काढलं आणि ओरड झाल्यावर विचारलं, माझ्या मालकीचं मी हवं ते करू नये की काय? तो काही खलनायकासारखं बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं की ह्यात चुकलं काय.

"लोक गप्प कसे बसले" ह्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. बरो ही मालमत्ता होती. वारसाहक्काने मिळायची, हुंड्यात जायची, तिचा बाजारभाव असायचा. १७८५मध्ये धाकट्या पिटने (चॅटमचा मुलगा, तेव्हाचा पंतप्रधान, तोही १७८१मध्ये ॲपलबी ह्या पॉकेट बरोतून आलेला, वय २१) सुधारणेचं बिल आणलं तेव्हा ३६ बरो बंद करायचे आणि मालकांना सरकारी तिजोरीतून भरपाई द्यायची अशी योजना होती, साधारण १० लाख पौंड बाजूला ठेवून. ते २४८ विरुद्ध १७४ने पडलं. पण आयर्लंडचं पार्लमेंट १८००मध्ये विलीन केलं तेव्हा हेच खरोखर झालं, बंद झालेल्या एकेका बरोमागे मालकाला १५,००० पौंड मोजून दिले. सरकार स्वतःच भरपाई देतंय म्हटल्यावर ती मालमत्ता नाही असं कोण म्हणणार?

आणि नकाशा गोठलेला. १६७०च्या दशकानंतर इंग्लंडात एकही नवा बरो केला गेला नाही. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड ही शहरं वाढली ती त्यानंतर. १८३१मध्ये मँचेस्टरची वस्ती दीड लाखाच्या घरात, पण तिथल्या माणसाला मत द्यायचं तर लँकशर काउंटीचा मतदार म्हणून, ते पण जमीन असेल तर. गप्प बसले हेही पूर्ण खरं नाही, १८१९च्या १६ ऑगस्टला ह्याच मँचेस्टरात सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० लोक जमले होते, त्यांच्यावर घोडेस्वार घातले, किमान १५ माणसं मेली.

पद्धतीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र मी मुलांना नेहमी प्रामाणिकपणे सांगायचो, कारण परीक्षेत कुणी लिहीत नाही. त्यांचं म्हणणं, घराणं नाही, पैसा नाही पण डोकं आहे अशा तरुणाला पार्लमेंटमध्ये यायचा हाच रस्ता आहे. एडमंड बर्क आला तो वेंडोवरमधून, एका लॉर्डच्या मेहेरबानीने. आणि मेकॉले, आपल्या इंग्रजी शिक्षणावाला मेकॉले, १८३०मध्ये लॉर्ड लॅन्सडाउनच्या खिशातल्या कॅल्न नावाच्या बरोतून आला आणि तिथूनच उभा राहून रिफॉर्म बिलाच्या बाजूने त्याने भाषणं ठोकली. ज्या फांदीवर बसलाय तीच तोडतोय. मुद्दा खोटा नाही, फक्त एका बर्कमागे किती लॉर्डांचे जावई आणि भाचे बसले होते ते ही मंडळी मोजत नसत.

आता दुसरा आजार, विकाऊ गावं. आणि इथे आपल्याकडचा पैसा असा काही दिसतो की बास.

ससेक्समधलं न्यू शोरॅम, जहाजं बांधणारं गाव. तिथल्या मतदारांनी एक मंडळ काढलं होतं, नाव काय तर ख्रिश्चन सोसायटी, वरून धर्मादाय, आतून काम एकच, निवडणूक लागली की उमेदवारांकडून बोली घ्यायची आणि जो जास्त देईल त्याला सगळ्यांनी मिळून मत द्यायचं. १७७०च्या पोटनिवडणुकीत थॉमस रंबोल्डला ८७ मतं पडली आणि जॉन पर्लिंगला ३७. दोघेही कंपनीची माणसं. पण निवडणूक अधिकारी ह्यू रॉबर्ट्सने रंबोल्डची ७६ मतं विकलेली म्हणून बाद केली आणि पर्लिंगला विजयी घोषित केलं. त्याला कसं कळलं? तो स्वतः त्या मंडळाचा जुना सभासद होता. मग चौकशी, आणि १७७१मध्ये कायदा करून त्या सभासदांचा मताचा हक्क काढला आणि मतदारसंघात आसपासचा ग्रामीण पट्टा जोडला. लहान गावाला मोठं केलं की विकत घेणं महाग पडतं, हा उपाय इथे पहिल्यांदा वापरला, पुढे विल्टशरमधल्या क्रिकलेडला पण हाच.

रंबोल्ड सुधारला का? छे. १७७४मध्ये तो शाफ्ट्सबरीला उभा, जोडीला फ्रान्सिस साइक्स, जो मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता. तिथे गावातलाच एक प्रतिष्ठित माणूस बाहुलीनाट्यातल्या पंचचं सोंग घेऊन बंद खोलीत बसायचा, दाराला भोक, मतदार एकेक करून यायचे आणि भोकातून २० गिनींची (गिनी म्हणजे सोन्याचं नाणं) पुडी हातात पडायची. मग दुसऱ्या खोलीत जाऊन ग्लेनबकेट नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या माणसाकडून २० गिनी उसने घेतले अशी चिठ्ठी सही करून द्यायची, म्हणजे कुणी विचारलं तर लाच नाही हो, कर्ज आहे. हरलेल्या मॉर्टिमरने तक्रार केली, निवडणूक रद्द झाली, आणि त्याने साइक्सवर दावा लावून ११,००० पौंड वसूल केले. रंबोल्डचं काय झालं? १७७८मध्ये मद्रासचा गव्हर्नर. त्याच १७७४च्या निवडणुकीत हिंडनला जनरल रिचर्ड स्मिथ, हाही बंगालचा, लाचेबद्दल सहा महिने तुरुंगात गेला. आणि त्याच वर्षी कॉर्नवॉलच्या वेस्ट लू ह्या पॉकेट बरोतून कोण खासदार झालं माहितीये? कमोडोर विल्यम जेम्स. हाच तो जेम्स ज्याने १७५५मध्ये तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. तो गेल्यावर बायकोने लंडनजवळच्या शूटर्स हिलवर १७८४मध्ये त्याच्या आठवणीला बुरूज बांधला, नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. हर्णैला जाऊन आलेल्यांनी लंडनला गेल्यावर जरूर बघावा.

पण सगळ्यात भारी पॉल बेनफिल्ड, आणि ह्याची गोष्ट मराठी माणसाने माहिती करून घ्यायलाच हवी, कारण त्यात तंजावर आहे. १७७३मध्ये अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतलं, तुळजाराजे भोसले कैदेत. नवाब डोक्यापर्यंत कर्जात, आणि सावकार कोण तर मद्रासमधले कंपनीचेच नोकर, त्यांच्या व्याजापोटी तंजावरचा सारा त्यांना लिहून दिलेला. लंडनहून हुकूम आला की राजाला गादी परत द्या, त्याप्रमाणे गव्हर्नर पिगटने १७७६मध्ये दिली. लगेच बेनफिल्ड कागद घेऊन हजर, तंजावरच्या पिकावर माझे सव्वादोन लाख पौंडांच्या वर येणे आहेत. कंपनीचा एक साधा नोकर हा! पिगटने दाद दिली नाही तर त्याच्याच कौन्सिलातल्या बहुमताने गव्हर्नरला अटक केली आणि १७७७मध्ये तो कैदेतच मेला. आणि बेनफिल्ड? इंग्लंडला जाऊन १७८०मध्ये क्रिकलेडचा खासदार. बर्कने १७८५मध्ये अर्काटच्या कर्जावर जे भाषण केलं त्यात सरळ सांगितलं की मागच्या पार्लमेंटमध्ये ह्या माणसाने स्वतःला धरून आठ खासदार बनवले. आदल्या वर्षी सरकारने ती कर्जं फारशी तपासणी न करता मान्य केली होती, बर्कचा सगळा संताप त्यावर. कावेरीच्या खोऱ्यातला शेतकरी सारा भरतो, त्यातून व्याज निघतं, व्याजातून विल्टशरच्या गावातली मतं, मतांतून खासदार, आणि खासदार ते कर्ज खरं आहे असं ठरवून घेणार. असं हे चक्र.

थोरला पिट, म्हणजे चॅटम, १७७०मध्ये लॉर्डांच्या सभेत गरजला होता की आशियाची संपत्ती आमच्यावर ओतली गेलीय आणि परक्या सोन्याचे आयातदार पार्लमेंटमध्ये घुसलेत, बरो हा राज्यघटनेचा कुजका भाग आहे. बोलणारा कोण, तर मद्रासच्या गव्हर्नराचा नातू आणि ओल्ड सॅरमचा माजी खासदार.

लाचेबद्दल कधी कुणाला शिक्षा झालीच नाही असं नाही. कॉर्नवॉलमधल्या ग्रॅमपाउंडच्या लाच प्रकरणात सर मनासे लोपेसला १८१९मध्ये १०,००० पौंड दंड आणि दोन वर्षं कैद झाली, आणि १८२१च्या कायद्याने गावाच्या दोन्ही जागा काढून यॉर्कशर काउंटीला दिल्या. पण पुढचं बघा, १८२९मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील कॅथलिकांना राजकीय हक्क द्यायच्या प्रश्नावर भूमिका बदलून ऑक्सफर्डला हरला, त्याला घाईने जागा हवी होती, ती कुणी रिकामी करून दिली? लोपेसने, त्याच्या मालकीच्या वेस्टबरीची. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या खिशातली जागा गृहमंत्र्याला चालली.

१८३१-३२चा घटनाक्रम कुठल्याही पुस्तकात मिळेल म्हणून थोडक्यात. १ मार्च १८३१ला लॉर्ड जॉन रसेलने बंद होणाऱ्या बरोंची यादी वाचायला घेतली तर विरोधी बाकांवर हशा पिकला. दुसऱ्या वाचनात ३०२ विरुद्ध ३०१, एका मताने बिल वाचलं. मग नवी निवडणूक, मोठं बहुमत, ऑक्टोबरात लॉर्डांनी ४१ मतांनी बिल पाडलं, ब्रिस्टल पेटलं, आणि ज्या ड्यूकने भाडेकरू हाकलले त्याचा नॉटिंगहॅमचा वाडा जमावाने जाळला. शेवटी ७ जून १८३२ला राजाची मंजुरी. ५६ बरोंच्या सगळ्या जागा गेल्या, आणखी ३०च्या एकेक, मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅमला खासदार मिळाले, आणि ह्यावेळी मालकांना भरपाई एक पैशाची नाही. बरोमध्ये वर्षाला १० पौंड भाड्याच्या किमतीचं घर असलेल्या पुरुषाला मत. पुरुष हा शब्द कायद्यात पहिल्यांदा स्पष्ट घातला, म्हणजे बायकांसाठी दार उलट बंद झालं. युनायटेड किंग्डमचे मतदार अंदाजे ५ लाखांवरून ८ लाखांवर गेले.

पण मतदान उघडच राहिलं, खर्चाला मर्यादा नाही, आणि १० पौंडवाला नवा मतदार जुन्यासारखाच तहानलेला. त्यामुळे विकाऊ गावांचा धंदा चालूच राहिला. शेवटचं उदाहरण सफकमधल्या सडबरीचं. १८४१मध्ये तिथून निवडून आला डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र, सरधन्याच्या बेगम समरूने दत्तक घेतलेला वारस, हिंदुस्थानी वंशाचा ब्रिटिश पार्लमेंटमधला पहिला खासदार असं ज्याला बहुतेक मानतात, दादाभाईंच्या ५१ वर्षं आधी. असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूला जिच्या पलटणी होत्या तीच ही बेगम, आणि तिची दौलत आता सडबरीच्या दारूच्या गुत्त्यांत वाहिली. १८४२च्या एप्रिलमध्ये लाचेवरून निवडणूक रद्द, १८४४मध्ये सडबरीच्या दोन्ही जागाच काढून घेतल्या. १८५२मध्ये सेंट ऑल्बन्सचं तेच झालं. गुप्त मतदान आलं १८७२ला आणि खर्चावर खरा लगाम घालणारा कायदा १८८३ला, विकाऊ गावांचा धंदा बसला तो ह्या दोघांनी. आणि सडबरी, सेंट ऑल्बन्सच्या त्या चार जागा? कुणाला द्यायच्या ह्यावर एकमत होईना म्हणून १८६१पर्यंत तशाच रिकाम्या ठेवल्या होत्या, मग दोन यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगला, एक दक्षिण लँकशरला आणि एक बर्कनहेडला गेली.